देणाऱ्याचं नाव

मराठीत लाच खाणाऱ्याला नाव आहे, देणाऱ्याला नाही. खाणारा तो लाचखोर. देणाऱ्याचं मात्र वर्णन करावं लागतं: लाच देणारा, पाकीट पोचवणारा, हात ओले करणारा. शेजारच्या भाषांत डोकावलं तरी हेच आढळतं. हिंदीत रिश्वतखोर आणि घूसखोर, बंगालीत घुषखोर, गुजरातीत लांचियो. सगळी नामं घेणाऱ्याची. 'खोर' म्हणजे फारसीत खाणारा. तोंडात गेलेला घास भाषेला दिसला, भरवणारा हात दिसला नाही. 'लाच' हा शब्द कन्नडात लंच, तेलुगूत लंचम, तमिळात लंजम अशा रूपांनी सर्वत्र वावरतो, म्हणजे वस्तू सगळ्यांच्या ओळखीची आहे. युरोपात जरा वेगळी विभागणी दिसते. फ्रेंच कायदा देणाऱ्याच्या गुन्ह्याला 'सक्रिय' भ्रष्टाचार म्हणतो आणि घेणाऱ्याच्या गुन्ह्याला 'निष्क्रिय'. जर्मनमध्ये तर दोन्ही गुन्ह्यांना दोन स्वतंत्र नामं आहेत. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदासुद्धा २०१८ सालच्या दुरुस्तीपर्यंत लाच देणाऱ्याकडे प्रामुख्यानं गुन्ह्याला साहाय्य करणारा म्हणूनच पाहत होता. त्याचा स्वतःचा असा गुन्हा कायद्यालाही उशिराच सुचला.

यामागे एक करुणा आहे, आणि ती खोटी नाही. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, नळजोडणीसाठी खेटे घालणाऱ्या माणसाला कोणी गुन्हेगार म्हणणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपण त्याच्याबद्दलच म्हणतो. तो देतो तेव्हा त्याला जास्तीचं काही मिळत नसतं. जे हक्काचंच होतं ते फक्त सुटतं. 'चहापाणी' हा मवाळ शब्द त्याच्या सोयीसाठी तयार झाला असावा, कारण रोजच्या अपमानाला रोज लाच म्हणणं माणसाला जड जातं.

पण देणारा मोठ्या उद्योगाचा मालक असेल, घेणारा सत्तेवर असलेला किंवा सत्तेवर येऊ घातलेला पक्ष असेल, आणि पैशाचं नाव चहापाण्याऐवजी 'निवडणूक निधी' असेल, तर ही करुणा त्यालाही लागू होते का? असा मालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की तोही तेच म्हणतो: मी अडलेला होतो, पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार? त्याचा दोष नेमका कशात आहे, एवढाच प्रश्न या लेखात तपासायचा आहे.

आधी त्या आरोपाच्या शब्दाकडे पाहू. इंग्रजीत त्याला 'इन्फ्लुअन्स पेडलिंग' म्हणतात. पेडलर म्हणजे पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार माल विकणारा फेरीवाला. त्याचा शब्दशः अनुवाद 'प्रभावाची फेरीविक्री' असा होईल आणि तो हास्यास्पद ठरेल. मराठीकडे त्यासाठी 'वशिला' आहे आणि 'वजन' आहे. वशिला अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ साधन, मध्ये असणारी वस्तू, पोचण्याची वाट. वजनाची गंमत अशी की ते माणसाचंही असतं आणि कागदावर ठेवायचंही असतं. 'त्यांचं मंत्रालयात वजन आहे' आणि 'फायलीवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही' या दोन वाक्यांत एकच शब्द आहे. एका वजनातून दुसरं कसं तयार होतं, पैशाचं वजन माणसाचं वजन कसं बनतं, हीच निवडणूक निधीची गोष्ट आहे.

ती पाहण्यासाठी एक जुना, पुरता निकालात निघालेला खटला घेऊ. चालू खटल्यात आपण सगळे कुठल्या तरी पक्षाचे असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या, परक्या देशातल्या खटल्यात विचार करायला मोकळीक मिळते.

जॉर्ज स्टाइनब्रेनर हा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा उद्योजक. अमेरिकन शिपबिल्डिंग ही जहाजबांधणी कंपनी त्याच्या हाती होती. १९७३मध्ये त्याच्या नेतृत्वाखालच्या गटानं न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ विकत घेतला आणि तो घराघरांत माहीत झाला. त्याआधी १९७२ची अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती, रिचर्ड निक्सन पुन्हा उभे होते. कंपनीच्या तिजोरीतून निवडणुकीसाठी पैसे देण्यावर तिथल्या संघराज्याच्या कायद्यानं १९०७पासूनच बंदी होती. माणूस देऊ शकत होता, कंपनी देऊ शकत नव्हती. तेव्हा वाट काढली गेली ती अशी: कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांना बोनस द्यायचा आणि त्यांनी तो आपल्या नावानं निक्सन यांच्या प्रचारासाठीच्या समित्यांना चेकनं द्यायचा. कागदावर ती नागरिकांची देणगी, प्रत्यक्षात कंपनीचा पैसा. चौकशी सुरू झाल्यावर या बोनसबद्दल खोटं सांगण्यासाठी कर्मचाऱ्यांवर दडपण आणलं गेलं. एप्रिल १९७४मध्ये स्टाइनब्रेनरवर १४ आरोप ठेवले गेले. ऑगस्टमध्ये त्यानं दोन आरोप मान्य केले: बेकायदा देणग्यांचा कट, आणि तपासात अडथळा आणण्याला हातभार. शिक्षा झाली १५ हजार डॉलर दंडाची. कंपनीला २० हजार डॉलर. तुरुंगवास नाही. बेसबॉलच्या आयुक्तांनी दोन वर्षांसाठी निलंबित केलं आणि पंधरा महिन्यांत परत घेतलं. जानेवारी १९८९मध्ये पायउतार होता होता रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली.

यात एक बारकावा आहे. स्टाइनब्रेनर निक्सन यांच्या पक्षाचा नव्हताच. १९६९ आणि १९७०मध्ये त्यानं डेमोक्रॅटिक पक्षासाठी निधी जमवणाऱ्या मेजवान्यांचं नेतृत्व केलं होतं. कंपनीची काही प्रकरणं सरकारी खात्यांत अडकलेली होती आणि विरोधी पक्षाचा पैसा उभा करणारा माणूस म्हणून त्याचं नाव कळलेलं होतं. तेव्हा 'मी दबावाखाली दिलं' हे म्हणणं अगदीच बनावट नव्हतं. त्याच निवडणुकीत अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख जॉर्ज स्पेटर यांनी कंपनीचे ५५ हजार डॉलर दिले होते. जुलै १९७३मध्ये त्यांनी स्वतःहून ते कबूल केलं. पैसे मागायला आलेला निक्सन यांचा वकील त्यांच्या प्रतिस्पर्धी विमान कंपनीचंही काम पाहत होता. अशा मागणीला नाही म्हणायला काय किंमत पडेल, या भीतीपोटी उद्योगपती पैसे देतात, असं स्पेटर यांनी उघडपणे सांगितलं.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच उमेदवारासाठी, एकाच प्रकारच्या दबावाखाली दोघांनी कायदा मोडला. तरीही या दोघांत फरक आहे असं आपल्याला वाटतं. तो पैशाच्या आकड्यात नाही आणि भीतीच्या प्रमाणातही नाही, कारण कोण किती भ्यालं होतं हे मोजायला काही साधन नाही. फरक आहे तो पुढच्या वागण्यात. एकानं, उशिरा का होईना, तोंड उघडलं. दुसऱ्यानं इतरांची तोंडं बंद करू पाहिली.

आपल्या कायद्यानं नेमकी हीच रेघ ओढली आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, पण ज्याला द्यायला भाग पाडलं गेलं त्याला सूट मिळते. अट एवढीच, की त्यानं सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेला ते कळवलं पाहिजे. व्यवहारात ही अट किती क्रूर ठरू शकते हे वेगळं सांगायला नको. ज्याच्याकडे जायचं तोच कधी मागणारा असतो. पण तिच्यामागचा नैतिक विचार बारकाईनं पाहण्यासारखा आहे. भीतीनं दिलं म्हणून माणूस दोषी ठरत नाही. दिल्यावर तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याचा त्याला फायदा होऊ लागतो, तेव्हा तो बळी असायचा थांबतो आणि भागीदार व्हायला लागतो. सात दिवस हा आकडा कृत्रिम आहे. त्यामागची ओळख खरी आहे.

इथे एक आक्षेप आपल्या परंपरेतूनच उभा राहतो. गप्प राहून देणं हे तर आपल्याकडे सर्वांत थोर दान! उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणाऱ्यापेक्षा दानपेटीत मूठ रिकामी करून निघून जाणारा आपल्याला मोठा वाटतो. बाराव्या शतकातल्या ज्यू तत्त्वचिंतक मायमोनिडीजनं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं करणं ही सर्वांत वरची. तिच्या लगेच खाली ज्या दानात देणारा घेणाऱ्याला ओळखत नाही आणि घेणारा देणाऱ्याला, ते दान. मग राजकीय पक्षाला कोणी गुपचूप पैसे दिले तर त्यालाच आपण नावं का ठेवतो? गुप्तदान तिथे पुण्य आणि इथे पाप, असं कसं?

उत्तर पडद्याच्या जागेत आहे. गुप्तदानात पडदा देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये असतो. घेणाऱ्याला कोणाचे उपकार फेडायचे ते कळत नाही, म्हणून तो मिंधा होत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूणच अशी सांगितली आहे की ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही त्याला ते दिलं जातं. परतफेडीच्या अपेक्षेनं दिलेलं राजस. गेल्या शतकात मार्सेल मोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानं जगभरच्या समाजांतल्या भेटवस्तूंचा अभ्यास करून दाखवलं की भेट ही कधीच नुसती भेट नसते, तिच्या पोटात परत करण्याची सक्ती असते. गुप्तदान हा माणसानं त्या सक्तीवर शोधलेला उपाय आहे. निवडणुकीच्या लपवलेल्या देणगीत मात्र पडदा नेमका उलट्या जागी लावलेला असतो. घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाव पक्कं माहीत असतं. ते माहीत असावं यासाठीच तर पैसे दिलेले असतात. नाव कळत नाही ते फक्त आपल्याला, म्हणजे मतदाराला, भागधारकाला, शेजारच्या प्रामाणिक धंदेवाल्याला. शब्द तोच 'गुप्त', पण एकात परतफेड अशक्य होते आणि दुसऱ्यात ती सुरक्षित होते.

१९७२च्या त्याच निवडणुकीत याचा फार स्वच्छ पुरावा मिळतो. ७ एप्रिल १९७२ला देणगीदारांची नावं जाहीर करण्याचा नवा कायदा लागू होणार होता. त्याच्या आदल्या दिवसांत निक्सन यांच्या समित्यांकडे पैशांचा लोंढा आला. नव्या कायद्याच्या आत येऊ नये म्हणून सगळ्यांची घाई. या गुप्त देणगीदारांची यादी जनतेला दिसणार नव्हती. पण यादी होती. ती निक्सन यांच्या खासगी सचिव रोझ मेरी वुड्स यांच्याकडे ठेवलेली होती. कॉमन कॉज या नागरिकांच्या संघटनेनं न्यायालयात जाऊन ती बाहेर काढायला लावली. ज्या गुप्ततेची यादी सत्ताधीशाच्या सचिवाच्या टेबलात असते, तिला गुप्तदान म्हणणं हा भाषेवरचा अन्याय आहे.

आपल्याकडच्या निवडणूक रोख्यांचंही हेच झालं. २०१८ ते २०२४ या काळात स्टेट बँकेनं १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नसे. समर्थनार्थ सांगितलं गेलं ते भीतीचंच कारण: देणगीदाराचं नाव फुटलं तर विरोधी पक्ष सत्तेवर आल्यावर सूड घेईल, म्हणून त्याला आडोसा हवा. पण रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक होता, आणि देणाऱ्यानं आपण दिल्याचं पक्षाला सांगायला काहीच आडकाठी नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. ही गुप्तता पक्षाच्या बाबतीत टिकणारी नाही आणि मतदाराला मात्र अंधारात ठेवते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. नंतर याद्या जाहीर झाल्या तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार, १,३६८ कोटींची, एक लॉटरी कंपनी निघाली. यादीतल्या एखाद्या नावामागे खरोखर देवाणघेवाण होती का, हे पुराव्यानं ठरायचं. पण तो प्रश्न विचारायलाच सहा वर्षं थांबावं लागलं, हे नुकसान त्या उत्तरावर अवलंबून नाही.

यावर कोणी चतुराईनं म्हणेल: मतदानही गुप्त असतं. मी मत कोणाला दिलं हे सांगायला मी बांधील नाही, मग पैसा कोणाला दिला हे का सांगू? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्या भाषांनी आधीच देऊन ठेवलं आहे. मराठी, हिंदी, गुजराती, ओडिया, कन्नड अशा कितीतरी भाषांत मत देण्याला 'मतदान' म्हणतात. त्यात दान आहे. तमिळमध्ये 'वाक्कळित्तल', म्हणजे शब्द देणं. तिथेही क्रिया देण्याचीच. हे दान अस्सल गुप्तदान आहे. मतपेटीत पडदा बरोबर जागी लावलेला असतो: निवडून आलेल्या माणसाला आपलं मत कोणाकोणाचं हे कधीच कळत नाही, म्हणून त्यानं परतफेड करायची तर सगळ्यांचीच करावी लागते. रस्ता बांधला तर विरोधात मत देणाऱ्याच्या दारावरूनही तो जातो. लोकप्रतिनिधित्वाची सगळी कल्पना या एका अज्ञानावर उभी आहे. ज्या दिवशी त्याला देणाऱ्यांची नावं कळतात आणि ती मोजकी असतात, त्या दिवशी फेड सोपी होते. मुंबईच्या बोलीत लाखाला पेटी म्हणतात. दानपेटी, मतपेटी आणि ही तिसरी पेटी, यांत तिसरीच अशी आहे की जिच्यात कोणी काय टाकलं याचा हिशेब आतला माणूस पाठ ठेवतो.

दुसरी गोष्ट मालकीची. धर्मशास्त्रात दानाची व्याख्याच अशी की आपलं स्वत्व सोडून ते दुसऱ्याचं करणं. जे आपलं नाही त्याचं दान होत नाही. त्याला आपण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतो. स्टाइनब्रेनरनं दिलेला तो पैसा कंपनीचा होता, म्हणजे भागधारकांचा. हा प्रश्न आपल्याकडे १९५७मध्येच दोन न्यायालयांत उभा राहिला होता. कलकत्त्यात इंडियन आयर्न अँड स्टील आणि मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील या कंपन्यांना राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करून हवा होता. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांना ते करू देणं भाग होतं. पण कलकत्त्यात न्या. पी. बी. मुखर्जी आणि मुंबईत मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला या दोघांनीही परवानगी देता देता लोकशाहीवर येऊ घातलेल्या धोक्याची घंटा वाजवली. हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो, अशा आशयाचा इशारा छागलांनी दिला. पुढच्याच वर्षी, १९५८मध्ये, हेच छागला मुंदडा प्रकरणाच्या चौकशीसाठी बसले. नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाचे, म्हणजे विमा उतरवणाऱ्या सामान्य माणसांचे, सव्वा कोटीच्या आसपास रुपये कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा या उद्योजकाच्या सहा कंपन्यांत गुंतवले गेले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि अखेर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. एकीकडे भागधारकांचा पैसा सत्तेकडे जाण्याची वाट मोकळी झाली होती, दुसरीकडे विमेदारांचा पैसा सत्तेच्या वाटेनं एका उद्योजकाकडे गेला होता. दोन्ही ठिकाणी पैसा ज्यांचा, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून उद्योजकानं राजकारणाला पैसा देणं हेच पाप, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमले, त्यात मोठ्या व्यापाऱ्यांच्या रकमा होत्या आणि गरिबांचे आणेही. वर्ध्याचे जमनालाल बजाज काँग्रेसचे खजिनदार होते, स्वतः उदार देणगीदार होते. पण त्यांनी ज्या पक्षाला दिलं तो सत्तेवर नव्हता. सत्तेवर होते ते इंग्रज, आणि त्यांनी दिलेली रायबहादूर ही पदवी बजाजांनी परत केली. १९२३च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. त्यांचं देणं उघड होतं, आणि उघड असल्यामुळे त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. खऱ्या देणगीची ही एक चांगली कसोटी आहे: तिचा भार कोणावर पडतो? देणाऱ्यावर पडला तर ती देणगी. देणारा हलका होऊन तिसऱ्याच कोणावर भार आला, तर तिला दुसरं काहीतरी म्हणायला हवं.

पक्ष पैशाशिवाय चालत नाहीत, हेही खरं. १९६९मध्ये आपण कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घालून पाहिली. १९८५मध्ये ती उठवावी लागली. मधल्या काळात पैसा थांबला नाही, तो ब्रीफकेसमधून फिरू लागला. नंतर देणगीला कंपनीच्या नफ्याच्या प्रमाणात मर्यादा आली आणि हिशेबात पक्षाचं नाव लिहिणं आलं. २०१७मध्ये या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या गेल्या. नुसत्या उघडपणानंही भागत नाही. अमेरिकेत २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कितीतरी धनिक कोट्यवधी डॉलर आपल्या नावानिशी खर्च करतात, आणि नाव उघड असणं हीच त्यांच्या वजनाची जाहिरात ठरते. देणगीदारांची यादी कधी कधी दरपत्रकासारखीही वाचता येते. तेव्हा उघडपणा ही किमान अट आहे. त्यानं पाप धुऊन निघत नाही, फक्त ते कोणाचं हे कळतं. किती द्यावं याची मर्यादा, भागधारकाची संमती, लहान देणगीदारांची गर्दी, या गोष्टी त्याच्या जोडीला लागतातच.

आता मूळ प्रश्नाकडे. देणाऱ्याचा दोष कशात? भीतीत नाही, कारण भीती खरी असू शकते. स्वार्थातही पूर्ण नाही. धंदेवाल्यानं स्वार्थ पाहिला तर त्यात नवल काय? माझ्या मते दोष सुरू होतो तो दुसऱ्याचं नाव वापरण्यापाशी. स्टाइनब्रेनर प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निक्सन यांची तिजोरी ही नाही. तिथे लाखो डॉलर येऊन पडत होते. हे पैसे आले नसते तरी फारसं बिघडलं नसतं. अस्वस्थ करतात ते चेकवर सही करणारे कर्मचारी. नागरिक म्हणून त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या: आपलं नाव, आपली सही आणि विचारल्यावर खरं बोलण्याची मुभा. पगाराच्या बळावर मालकानं या तिन्ही गोष्टी उसन्या घेतल्या. पहिल्या दोन देणगीसाठी, तिसरी ती झाकण्यासाठी. कायद्यानं कंपनीला नागरिक मानायला नकार दिला होता, तेव्हा कंपनीनं नागरिकांचे मुखवटे चढवले. ज्या मुखवट्यांमागून ती बोलली त्यांच्या आत जिवंत माणसं होती, घरखर्च असलेली, नोकरी टिकवायची असलेली. अडला हरी शोधायचाच असेल तर तो या कर्मचाऱ्यांत सापडतो. मालकानं त्याची भूमिका स्वतःकडे घेतली आणि त्याच्या वाट्याची करुणाही घेतली.

निवडणूक रोख्यात उसन्या नावाचीही गरज उरली नाही. नावच पुसून टाकता आलं. भागधारक, विमेदार, कर्मचारी, मतदार, हे सगळे अशा व्यवहारात हजर असतात आणि त्यांच्यापैकी कोणाला ते ठाऊक नसतं. वजन त्यांचं असतं, वशिला दुसऱ्याचा होतो.

स्टाइनब्रेनरला पुढे सगळं परत मिळालं: संघ, प्रतिष्ठा, अध्यक्षांच्या सहीचा माफीनामा. २०१०मध्ये तो वारला तेव्हा आठवण निघाली ती यांकीजच्या मालकाची. ज्यांच्या सहीनं तो पैसा गेला, त्यांची नावं त्या खटल्याच्या कागदांत आहेत आणि फारशी कुठे नाहीत. लाच देणाऱ्यासाठी मराठीनं नवा शब्द घडवावा की नाही, हे भाषा आपल्या गतीनं ठरवील. तोवर एवढं तरी करता येईल, की देणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची, आणि देणगीच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव दिसलं की ज्याचं नाव आहे त्याला आधी विचारायचं.